जप्ती झाली म्हणून वाचल्या

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावात एक इमारत आहे. तिच्यात गाड्यांचं संग्रहालय काढलं की यथावकाश मालक जातो, आणि मालक गेला की वर्षाच्या आत गाड्यांचा लिलाव होतो. एकदा झालं तर योगायोग म्हणावं. तिथं हे दोनदा झालंय. आपल्याकडची इमारत असती तर एव्हाना कुणीतरी वास्तुतज्ज्ञ येऊन नैऋत्येचा संडास हलवून गेला असता.

पहिला मालक ओटिस चँडलर. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा एके काळचा प्रकाशक. शौक दोन, जुनी वाहनं आणि शिकार. संग्रहालयही त्यानं दोन्हींचं एकत्रच काढलं, म्हणजे एका बाजूला मोटारी आणि दुसऱ्या बाजूला भुसा भरलेली जनावरं. 2006 च्या फेब्रुवारीत चँडलर गेला. ऑक्टोबरात हातोडा पडला आणि गाड्या पांगल्या.

दुसरा मालक पीटर मलिन. बड्या कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी विमा आणि लाभ-योजना आखून त्यानं पैसा केला. तीच इमारत घेऊन 2010 मध्ये तिथं फक्त फ्रेंच गाड्यांचं संग्रहालय थाटलं. बुगाटी, दलाज, दलाए, टाल्बो-लागो, व्हॉयझँ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या या गाड्या बघताना त्या चालवायच्या की ओवाळायच्या हे ठरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मलिन गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये संग्रहालयाला कायमचं टाळं लागलं. एप्रिलमध्ये त्याच इमारतीत लिलावाचा मांडव. मोजक्या गाड्या लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाला दान गेल्या, तेवढं पुण्य पदरात. माणूस गेल्यावर मागच्यांचं काय, या एका प्रश्नावर आयुष्यभर धंदा केलेल्या गृहस्थाचं संग्रहालय त्याच्या पश्चात जेमतेम पाच महिने चाललं.

हे वाचून हळहळणारे पुष्कळ. मला हळहळ वाटत नाही, कारण हे असंच होतं. जुन्या गाडीला गंजापेक्षा वारस लवकर खातो. बाप गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत म्हातारा होतो. पोरांना दिसतो तो गोदामाचा खर्च, विम्याचा हप्ता, कर आणि दर महिन्याला बॅटऱ्या तपासायला येणारा माणूस. पोरांचं चुकतं असंही नाही. प्रेम वारसाहक्कानं मिळत नाही, गोदाम मिळतं.

संग्रह वारसांऐवजी कंपनीच्या हाती गेला तरी फरक पडत नाही. नेव्हाडातल्या रीनोचा बिल हॅरा हा जुगारखान्यांचा सम्राट. त्यानं सुमारे चौदाशे गाड्या जमवल्या. 1978 मध्ये तो गेला. दोन वर्षांनी 'हॉलिडे इन'नं त्याची हॉटेलं आणि जुगारखाने घेतले, आणि खोल्या, खाटा, चादरी यांच्या यादीत चौदाशे मोटारीही आल्या. हॉटेल कंपनीनं त्यांचं काय करावं? विकल्या. गावकऱ्यांनी ओरड केली तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास बाजूला काढून दिल्या. त्यांचं संग्रहालय 1989 मध्ये उघडलं, ते आजही आहे. बाराशे गेल्या त्या गेल्या.

तर मुद्दा असा, की गाड्यांचा संग्रह अखंड राहिल्याची जी उदाहरणं मला ठाऊक आहेत, त्यात गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांचा हात फार थोडा आहे. वाचवलं ते कामगार संघटनेनं, कोर्टानं, नगरपालिकेनं, सरकारी खात्यातल्या एखाद्या कारकुनानं. ज्यांना बुगाटी आणि बैलगाडी यांतला फरक सांगावा लागला असता, अशांनी. शौकिनांनी जमवलं आणि विकलं. जप्ती करणाऱ्यांनी राखलं.

सगळ्यात मजेदार जप्ती तर खुद्द मलिनच्याच संग्रहालयात पाहायला मिळायची. 1925 ची एक बुगाटी ब्रेशिया, अर्धी कुजलेली, एका बाजूचा पत्रा जवळपास नाहीसा झालेला. ही गाडी स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे सरोवराकाठच्या आस्कोना गावी पडून होती. आयातशुल्क भरलेलं नाही आणि मालक बेपत्ता, असं कस्टमवाल्यांच्या लक्षात आलं. नियम काय, तर शुल्क न भरलेली वस्तू नष्ट करायची. मग 1930 च्या दशकात त्यांनी ती साखळीला बांधून सरोवरात सोडली. म्हणजे नियमही पाळला आणि पुढेमागे साहेबानं विचारलंच तर साखळी ओढायची सोयही ठेवली. कारकुनी बुद्धीला दाद द्यायला हवी. साखळी गंजून तुटली, गाडी तळाला गेली. 1967 मध्ये एका पाणबुड्याला ती सापडली आणि 2009 मध्ये पाणबुड्यांच्या स्थानिक क्लबानं ती वर काढली. पॅरिसच्या लिलावात या सांगाड्याला 2,60,500 युरो आले आणि ते एका धर्मादाय संस्थेला गेले. कस्टमनं बुडवली म्हणून उरली, असं म्हणायला मी मोकळा आहे. रस्त्यावर राहिली असती तर चाळीस सालापर्यंत तिचे सुटे भाग झाले असते.

पण सरोवर हा अपघात झाला. खरी जप्ती बघायची तर फ्रान्समधल्या म्युलूझला जायला हवं.

म्युलूझ म्हणजे फ्रान्सचं मँचेस्टर. आल्सेसमधलं गिरणगाव, कापड आणि लोकर. तिथं हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोन भाऊ. बाप स्विस, आई म्युलूझची. लोकरीच्या धंद्यात पैसा केला, एकेक करत गिरण्या गिळल्या. कामगारांशी वागणं जुन्या सावकारी थाटाचं, संघटना हा शब्द कानाला सोसत नसे. आईवर मात्र दोघांचा भारी जीव. आणि फ्रिट्झचा दुसरा जीव बुगाटीवर.

बुगाटीचा कारखाना मोल्सहाइमला, म्हणजे त्याच आल्सेसमध्ये. एतोरे बुगाटीची 'रोयाल' ही गाडी राजेरजवाड्यांसाठी होती. 12.7 लिटरचं इंजिन. पंचवीस गाड्या करायचा बेत होता. तेवढ्यात 1929 ची मंदी आली. झाल्या सहा-सात, बाहेरच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या तीन. एकाही राजानं घेतली नाही. उरलेली इंजिनं वाया जाऊ नयेत म्हणून बुगाटीनं ती आगगाडीच्या डब्यांना बसवली आणि फ्रेंच रेल्वेला विकली. राजांसाठी केलेल्या इंजिनानं पुढे कारकून आणि शेतकरी ओढले. या कथेत अशी न्यायबुद्धी जागोजाग आहे.

फ्रिट्झनं 1960 नंतर बुगाटींवर घाऊक धाड घातली. जगभर पत्रं पाठवली, दलाल नेमले. 1963 मध्ये बुगाटी कंपनीकडच्याच अठरा गाड्या उचलल्या, त्यांत खुद्द एतोरेची रोयाल. मग अमेरिकेत इलिनॉयला जॉन शेक्सपिअर नावाचा एक संग्राहक होता (नाव खरं आहे), त्याच्याकडच्या तीस बुगाटी 1964 मध्ये एका फटक्यात घेतल्या. त्यातही एक रोयाल. सगळ्यांचे मिळून 85,000 डॉलर. उघड्या मालडब्यांवर लादलेल्या तीस बुगाटी अमेरिकेच्या मधोमध न्यू ऑर्लिन्सच्या बंदराकडे निघाल्याचा फोटो आहे. दुसऱ्याचं दैव उघड्या मालगाडीतून चाललेलं बघण्यासारखं असतं.

या गाड्या उतरल्या म्युलूझच्या एका बंद लोकर गिरणीत. 1957 मध्ये भावांनी ती विकत घेतली होती. आत चाळीसएक कारागीर, सुतार, गाद्यावाले, मेकॅनिक, सगळे गुप्ततेच्या शपथेखाली. बाहेर पत्ता नाही. आत गाड्यांची संख्या चारशेच्या वर गेली, त्यांत शंभराहून जास्त बुगाटी. मधून फरसबंद वाटा, बाजूला लाल खडीचे चौक आणि आठशेवर दिवे. हे दिवे साधे नव्हेत. पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांच्या हुबेहूब नकला. उपाहारगृहाची सोयसुद्धा झाली. संग्रहालय आईच्या स्मरणार्थ. उद्घाटन मात्र होईना. आणखी एक गाडी येऊ दे, तो दिवा जरा डावीकडे सरकव, असं करत वर्षं गेली. आपल्याकडे इमारत अपुरी असताना उद्घाटन होतं. तिथं इमारत पुरी होऊन उद्घाटन झालं नाही. पण बिलं दोन्हीकडे तिसऱ्यानंच भरायची असतात.

तो तिसरा म्हणजे गिरणी. सत्तरच्या दशकात युरोपातला कापडधंदा बसला. यंत्रं जुनी, माल महाग. भावांनी गाड्यांवर ओतलेला पैसा यंत्रांवर ओतला असता तर गिरण्या वाचल्या असत्या का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित नसत्याही. पण दिवा पॅरिससारखा हवा म्हणणाऱ्या मालकानं कामगाराला मंदीचं कारण सांगावं आणि कामगारानं ते ऐकून घ्यावं, हे जरा अवघडच. 1976 मध्ये कपात सुरू झाली आणि संप पेटला. भाऊ माल्मेर्सपाखच्या आपल्या बंगल्यात अडकले, बाहेर कामगारांचा वेढा. पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर पडले आणि थेट स्वित्झर्लंडमध्ये बासेलला गेले. पासपोर्ट स्विस होता, सोय होती. तिथल्या उंची हॉटेलात मुक्काम केला.

7 मार्च 1977. कामगार संघटनेची माणसं बंद गिरणीचं दार उघडून आत शिरली. त्यांना पगार शोधायचा होता. त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. थकलेल्या पगाराचं एकेक पाकीट रांगेत उभं, पुसून लख्ख, डोक्यावर दिवा.

इथं नेमकं काय होईल असं आपल्याला वाटतं? काचा फुटतील, टायर जळतील, चाकं चोरीला जातील. जळलं ते इतकंच, की दुरुस्तीही न झालेली एक छोटी ऑस्टिन सेव्हन निषेध म्हणून पेटवली. चारशेंतली सगळ्यात स्वस्त बघून पेटवली असावी, हा माझा अंदाज. संतापलेल्या माणसालासुद्धा घरातलं कुठलं भांडं आपटायचं हे बरोबर कळतं. बाकी सगळ्याला हात लावला नाही. गेटवर पाटी लावली, 'कामगारांचा कारखाना', आणि लोकांना आत सोडायला सुरुवात केली. देणग्या घेतल्या. मालकाला दहा वर्षांत जमलं नाही ते उद्घाटन संपकऱ्यांनी झटक्यात उरकलं. दोन वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली. गाड्या पुसल्या, राखल्या, माहिती सांगितली. ज्यांच्या पगारातून गाड्या आल्या त्यांच्याखेरीज त्यांची एवढी काळजी दुसरं कुणी घेणार होतं?

आता सावकार उठले. कर्ज मोठं, तारण चाकांवर. विका आणि पैसे चुकते करा. लिलाववाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. त्यावर फ्रान्सच्या सरकारनं एप्रिल 1978 मध्ये अख्खा संग्रह ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर केला. अर्थ सरळ, देशाबाहेर न्यायचा नाही आणि तोडून विकायचा नाही. विकायचाच तर सगळा, आणि इथंच. एका हुकुमासरशी जगातलं सगळ्यात महागडं भंगार बाजारातून उठलं. 1979 च्या मार्चमध्ये कामगारांनी चाव्या दिल्या. 1981 मध्ये शहर, जिल्हा, प्रांत आणि मोटार क्लब यांनी मिळून केलेल्या संस्थेनं संग्रह 4 कोटी 40 लाख फ्रँकला घेतला. पडेल भाव. पुढं भावांच्या बाजूनं कोर्टकज्जे झाले, आणि त्यांचं अगदीच काही चुकलं असं नाही. जमवायला अक्कल लागतेच, आणि ती फ्रिट्झला होती. त्याचं नाव पुढे संग्रहालयाच्या पाटीवर लागलं.

जुलै 1982 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय म्हणून दारं उघडली. दोन्ही रोयाल तिथं आहेत. भाऊ राहत होते बासेलला, पस्तीसएक किलोमीटरवर.

1982 हे साल आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. म्युलूझमध्ये गिरणीचं संग्रहालय झालं त्याच साली आपल्या गिरण्यांचं काय व्हायचं ते ठरायला लागलं. तुलना फार ताणू नये, तरी एक सांगतो. परळच्या एका गिरणीत आजही गाड्याच गाड्या उभ्या असतात, दोन-तीन मजले भरून, वर दिवे. मॉलचं पार्किंग आहे ते. पहिल्या तासाचे वेगळे, पुढच्याचे वेगळे.

पण श्लुम्फ प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग अजून सांगायचा राहिला. सगळ्याच गाड्या जप्तीत गेल्या नव्हत्या. माल्मेर्सपाखला साठेक गाड्यांचा एक राखीव साठा होता, दुरुस्ती न झालेल्या, धूळ खात पडलेल्या. अनेक वर्षांच्या भांडणानंतर तो फ्रिट्झच्या विधवेकडे परत आला. कायद्यानं अगदी योग्य. तिनं तो विकला. दलालांनी घेतला आणि पुढे विकला. त्यातल्या बुगाटींची एक तुकडी 2008 मध्ये कुणी घेतली? कॅलिफोर्नियाच्या पीटर मलिननं. गंज न काढता, धूळ न झटकता त्यानं त्या ऑक्सनार्डला मांडल्या. आणि 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या काही पुन्हा हातोड्याखाली आल्या.

प्रयोगशाळेत याहून स्वच्छ प्रयोग होणार नाही. भाऊ तेच, गाड्यांचा वाण तोच. कामगारांनी ताबा घेतलेल्या गाड्या पन्नास वर्षं होत आली तरी एका छपराखाली, तिकीट काढून कुणीही बघावं. हक्कानं परत मिळालेल्या गाड्या तीन मालक बदलून चौथ्याकडे, तो दाखवील तेव्हा आणि त्याच्या मर्जीनं बघाव्यात. मालमत्तेच्या हक्काचा मी पुरस्कर्ता आहे. फक्त त्याचा निकाल काय लागला तेवढं सांगितलं.

इटलीत हाच पाठ शिस्तीत गिरवला गेला. ट्यूरिनचं बेर्तोने घराणं, मोटारींची रूपं रेखणारं. लॅम्बोर्गिनी मिउरा याच कारखान्यातली. पैशांची चणचण आली तेव्हा 2011 मध्ये संग्रहातल्या सहा प्रायोगिक गाड्या लिलावात गेल्या. त्यात लॅम्बोर्गिनी मार्झाल होती, स्त्रातोस झिरो होती, म्हणजे देवघरातले देवच म्हणा. 2014 मध्ये कंपनी बुडाली. उरलेल्या 79 वाहनांवर मात्र इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयानं बंधन घातलं, फोडायचा नाही आणि परदेशी न्यायचा नाही. 2015 च्या लिलावात अख्खा संग्रह एकच नग म्हणून मांडला गेला. इटलीतल्या जुन्या वाहनांच्या क्लबांच्या महासंघानं तो 34 लाख 40 हजार युरोला घेतला. आज तो मिलानच्या मालपेन्सा विमानतळाशेजारच्या संग्रहालयात आहे. सहा गेल्या हातोड्याखाली, 79 राहिल्या मंत्रालयाच्या शिक्क्यानं.

स्वीडनमध्ये तर नगरपालिकाच पुढे झाली. डिसेंबर 2011 मध्ये साब मोटार कंपनीचं दिवाळं वाजलं. ट्रोलहेट्टनच्या संग्रहालयात कंपनीच्या सव्वाशेच्या आसपास गाड्या, पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत. दिवाळखोरीच्या प्रशासकांनी बोली मागवल्या. कंपनी बुडालेली, गावातल्या निम्म्या घरांत चिंता, आणि अशा वेळी नगरपालिका मोटारी विकत घेते? घेतल्या. वालेनबर्ग घराण्याचं प्रतिष्ठान आणि विमानं बनवणारी साब यांच्यासोबत मिळून 2 कोटी 80 लाख क्रोनर मोजले. महिन्याभरात विषय संपवला. आपल्याकडच्या स्थायी समितीत एवढ्या वेळात विषय पटलावर यायचा आहे की नाही हेही ठरत नाही.

जप्तीनं गाड्या वाचत असत्या तर जगातलं सगळ्यात मोठं मोटार संग्रहालय महाराष्ट्रात असायला हवं होतं. आहेच. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची शाखा आहे. मुद्देमाल. अपघातातल्या, चोरीतल्या, बेवारस. काचेवर खडूनं गुन्हा नंबर, सीटमधून उगवलेली एरंडाची झाडं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात स्पष्ट सांगून ठेवलंय, की अशी वाहनं ठाण्यात कुजवत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, जामीन घेऊन सोडून द्या. निकाल व्यवस्थित जपून ठेवलाय. वाहनंही तिथंच आहेत.

तेव्हा नुसता कब्जा पुरत नाही. कब्जेदाराला ती वस्तू आपली वाटावी लागते, किंवा निदान कागदावर कुणाची तरी असावी लागते. आपल्या कागदांची गंमत बघा. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं. विसावं संपलं की गाडी म्हातारी, रस्त्यावरून उतरा. मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राहिलेली गाडी 'व्हिंटेज'. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झाली की वस्तू पुरावस्तू, मग ती देशाबाहेर नेता येत नाही. वीसला कचरा, पन्नासला दागिना, शंभराला राष्ट्रीय ठेवा. विसापासून पन्नासापर्यंतची तीस वर्षं टॅक्सीनं कुठं तोंड लपवून काढायची, याबद्दल कायदा गप्प आहे.

प्रीमियर पद्मिनीचं तेच झालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली, 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. वीस वर्षं भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. निदान एक तरी राखून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं सरकारकडे केली होती. पुन्हा बघा, मागणी कुणाची? टॅक्सीवाल्यांची. शौकीन मंडळी तेव्हा फेसबुकवर टपावरच्या कॅरियरचे फोटो टाकण्यात मग्न होती. त्याच्या दीड महिना आधी, 15 सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. 1937 पासूनची परंपरा. तिलाही हार घातले, पेढे वाटले. निरोपसमारंभात आपला हात धरणारा कुणी नाही. पहिली पद्मिनी 1974 ची, म्हणजे ती कायद्यानं पुरावस्तू होणार 2074 मध्ये. तेव्हा एक तरी शिल्लक असली तर देशाबाहेर जायला बंदी नक्की होईल.

ट्रस्ट करा, म्हणतील शहाणे. जरूर करा. पण महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्याचं कलम 36 वाचून करा. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. स्थावर. मोटार म्हणजे जंगम. म्हणजे संग्रहालयाच्या भिंतींना आयुक्तांचं संरक्षण, आतल्या गाड्या विश्वस्तांच्या सद्बुद्धीवर. म्हणून न्यासपत्रातच लिहून टाकावं, की संग्रह फोडता येणार नाही, विकायचा झाल्यास एकत्रच, आणि तोही सार्वजनिक संग्रहालयालाच. वकिलाला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, इतकंच.

राजवाड्यांतल्या रोल्स-रॉइसचं राजवाडेवाले बघून घेतील. मला काळजी आहे ती कोल्हापूर, नाशिक, साताऱ्याच्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आजोबांच्या गाडीची. भंगारवाला दर दिवाळीत येऊन तिची किंमत विचारून जातो आणि दर दिवाळीला नातवाचं मन थोडं पातळ होतं. ती गाडी पन्नाशीची झाली असेल, सांगाडा, पत्रा, इंजिन मूळचं असेल, तर तिची 'व्हीए' मालिकेत नोंद होते. नंतर ती रोज बाजारात नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढता येईल. तशीही ती बाजारात जात नाहीच. तेव्हा गाडीवर हात फिरवून उसासे टाकणं या आठवड्यापुरतं थांबवा आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर जा. फॉर्म 20, जुनं नोंदणीपुस्तक, विम्याची पॉलिसी. शुल्क 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरणाला 5,000.